घोडीची न्हानी

त्या वर्षी आमच्या घरात माणसं पाहुणी होती आणि कापूस घरधनी. समोरच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, सासू-सासऱ्यांच्या दोन खाटांच्या मधोमध कापूस. समोरचं दार आतून इतकं दाबलं गेलं होतं की ते उघडायला आधी कापूस उपसावा लागला असता, म्हणून आम्ही सगळे मागून, सैपाकखोलीतून ये-जा करायचो. खिडक्या बंद. टीव्ही कापसात बुडालेला, त्याच्यावरचा विणलेला रुमाल तेवढा वर दिसायचा. पाहुणे आले की आंगणातच बसवायचे. त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्यांच्या घरीही तेच चाललं होतं.

हे बोरी अरब गावाकडचं. आदल्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि तो माझ्या सासऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूला आत्याबाई. या वर्षी व्यापारी गाडी घेऊन दारात आला की मामाजी त्याला चहा पाजायचे, भाव विचारायचे, आणि ऐकून असे हसायचे की जणू तो माणूस काहीतरी वात्रट बोलला. "भाव येईन," म्हणायचे. "थांबा जराक." आम्ही थांबलो. दिवाळी गेली, थंडी पडली, वेच्यामागून वेचा घरात येत गेला आणि आम्ही भिंतीकडे सरकत गेलो. मी आणि माझा नवरा सैपाकखोलीत पिठाच्या डब्याशेजारी झोपायचो. घर सोडून दोघीजणींनी एका वेळी कुठे जायचं नाही, असा नियम. कापसाजवळ कोणीतरी पाहिजेच. बाप गेल्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला पुसदला जायचं म्हटलं तर आत्याबाईंनी घरी राहायचं, आणि त्यांच्या बहिणीकडे लग्न निघालं तर मी. बाप्पा! आम्ही कापूस राखत होतो की कापूस आम्हाला राखत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि वरून आगीची बंदी. शेजारच्या गावात चुलीतली एक ठिणगी उडाली आणि कापसासकट घर गेलं, ते मामाजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे आंगणातली चूल बंद. आम्ही जन्मभर पऱ्हाट्या जाळून पाणी तापवलेली माणसं, आणि वावरात कापसाच्या वाळक्या झाडांचे ढीग पडलेले असताना थंड पाण्याने आंघोळ करत होतो. गॅसची शेगडी मागच्या टिनाखाली नेली, तीही पोळी-भाजीपुरती. त्याच्यावर आंघोळीचं पाणी ठेवायचं नाव काढलं की मामाजी म्हणायचे, "सिलिंडर काय तुह्या बापानं धाडलं?"

माझ्या बापाने सिलिंडर नाही, घोडी धाडली होती.

बाप पुसदला वरातीची घोडी ठेवायचा. आधी आमच्या वस्तीतल्या नवरदेवाला घोडी द्यायची म्हटली की जुने घोडेवाले का-कू करायचे. आज घोडी आजारी हाय, आज तिचा नाल निघाला. दुसऱ्या कोणाच्या लग्नात तिचा नाल निघत नव्हता, विहारातल्या लग्नाच्या दिवशीच नेमका निघायचा! बाप तापट माणूस. त्याने स्वतःचीच पांढरी घोडी घेतली, आणि मग काय, सगळ्याच जातीचे लोक त्याच्या दारात यायला लागले, कारण तेवढी पांढरी त्या भागात दुसरी नव्हती. माझी घोडी ही त्या घोडीची पोट्टी. ती जन्मली तेव्हा मी दहावी नापास होऊन घरी बसली होती. तिला मी वाढवलं आणि तिने मला. बाप गेला तेव्हा भावाने बग्गी ठेवून घेतली आणि बापाने सांगून ठेवल्याप्रमाणे घोडी माझ्या स्वाधीन केली. मी तिला पोट्टीच म्हणायची. सासरी माझ्या माहेरचं म्हणून जे काही होतं ते चार पायांचं होतं आणि कोठ्यात बैलांशेजारी उभं राहायचं.

लग्नसराईत माझा नवरा तिला धरून वरातीत जायचा. पैसे घरात यायचे, म्हणून मामाजींचं काही म्हणणं नव्हतं. पण पांढरी घोडी म्हणजे पांढरीच पाहिजे. वरातीआधी धुवा, आणि आल्यावर पुन्हा धुवा, कारण गुलाल, हळद, घाम आणि वरून तो डब्यातला फेस. पोट्टे डीजेपुढे नाचतात आणि घोडीच्या आंगावर फुसफुस करून फेस मारतात. त्यांना वाटते बर्फ पडून राह्यला. घरी आल्यावर तो फेस केसांत चिकटून बसायचा. हौदाचं पाणी, तेही थंडीतलं. मी बादली उचलली की पोट्टीचं कातडं पाणी पडायच्या आधीच थरथरायचं. बिचारी हलायची नाही, नुसती मान खाली घालायची.

डिसेंबरात ती खोकायला लागली. नाकातून पाणी, पाठीवर खोगिराखालचे केस जागोजागी गेलेले. दारव्ह्याहून जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलवर आला. त्याने सुई दिली, छातीला कान लावला आणि म्हणाला, "बाई, औषध मी देतो, पण खरं औषध तुमच्याजवळ आहे. कोमट पाण्यानेच धुवा. धुतल्याबरोबर कोरडी करा. वारा लागणार नाही अशा बंद जागेत ठेवा. अशीच थंड पाण्यात भिजत राहिली तर फुप्फुसात जाईल, मग माझ्याकडेही काही नाही."

मामाजी मागेच उभे होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी बिडी काढली, कापूस आठवून पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाले, "संक्रांतीलोक खोकला गेला तं ठीक. नाही तं उन्हाळ्याच्या लग्नसराईच्या आंधी तो घोड्याचा दलाल येते, त्याले देऊन टाकू. कोठ्यात मरून पडली तं कोन उचलन?"

 मी आत गेली, आणि आत कुठे जाणार, कापूसच होता. त्याच्यातच तोंड खुपसून रडली.

आता बघा कसं आडकलं होतं सगळं. कोमट पाणी पाहिजे, तर आग पाहिजे. आग म्हटली की कापूस. बंद कोरडी खोली पाहिजे, तर त्या खोलीत कापूस. पाण्यात टाकायची विजेची सळई होती घरात, पण लाइन येणार कधी आणि जाणार कधी याचा नेम नाही, आणि आली तरी मामाजी वायर काढून टाकायचे, म्हणे ठिणगी उडते. घोडीला लागणारी एकूण एक गोष्ट त्या पांढऱ्या ढिगाखाली दबली होती. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, तो दलाल पोट्टीच्या तोंडात हात घालून दात बघतो आहे.

त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एक काम केलं, जे आमच्यासारखे लोकच करू शकतात. आम्ही कापसाचे लोक. लेकरू जन्मलं तर कापूस, म्हातारं मेलं तर नाकात कापूस, आणि मधल्या सगळ्या दुखण्यांना कापसाची गादी. एका लग्नाहून पोट्टी फेसाने बरबटून आली. धुवावं तर लागणारच होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वरात होती. मी जमेल तेवढ्या लवकर धुतलं. तिचं कापणं थांबेना. तेव्हा मामाजी स्वतः उठले. हो, खोटं कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच्या आंगावरची नवी जाड रजई आणली, घरच्या कापसाची, आणि आपल्या हाताने ओल्या घोडीवर टाकली. आत्याबाईंनी साडीची चिंधी फाडून पोटाखालून बांधली. आम्ही चौघं उभे राहून बघत होतो आणि चौघांनाही लय बरं वाटलं. आता कशी ऊब लागन, असं आत्याबाई दोनदा म्हणाल्या.

सकाळी पाहतो तर रजईने घोडीच्या आंगावरचं सगळं पाणी पिऊन घेतलेलं. ओल्या पोत्यासारखी लोंबत होती, आणि थंडगार. पोट्टीचे कान बर्फ. खोकला असा की ऐकवेना. मामाजी रजई पिळत उभे होते आणि पिळता पिळता म्हणत होते, "असं कसं? कापूस तं गरम असते."

"कोरडा असते तवा," माझा नवरा म्हणाला. त्या वर्षी माझा नवरा जे मोजकं बोलला त्यातलं हे एक. एरवी त्याचे दोन डगरींवर दोन पाय, एक बापाकडे, एक माझ्याकडे, आणि तोंड बंद.

मग मला बापाची घोंगडी आठवली. आमच्याकडे घोडी धुतली की बाप तिच्यावर काळी घोंगडी टाकायचा. तिला मेंढीचा वास यायचा आणि मैत्रिणी आल्या की मला लाज वाटायची. मला वाटायचं, गादी घ्यायची ऐपत नाही म्हणून घोंगडी. अवं माय! लोकर ओली झाली तरी आतून ऊब धरते, पाणी वर फेकते, हे मी डोळ्यांनी रोज बघत होती आणि तरी मला ते दिसलं नव्हतं.

आमच्या गावाबाहेर त्या दिवसांत धनगरांचा वाडा उतरला होता. सोयाबीन निघालेल्या वावरात त्यांच्या मेंढ्या बसायच्या. मी तिथल्या बाईला घोंगडी मागितली. ती म्हणाली, पोरीचं लग्न आहे, गादी भरायची आहे, कापूस दे. मी घरी आली, आत्याबाई वावरात गेल्या तेव्हा मागच्या बाजूने पोत्याचं चुंगडं भरून कापूस काढला आणि डोक्यावर घेऊन गेली. त्या वर्षी आमच्या घरातून बाहेर पडलेला तो पहिला कापूस. चोरी म्हणा नाहीतर काही म्हणा, त्यातला अर्धा मीच वेचला होता. ढिगाला उलसाक खड्डाही पडला नाही.

राहिलं पाणी. ते कुठे मिळालं सांगते. दुपारी वेचणीवरून उठून हात धुवायला म्हणून मी वावराच्या धुऱ्यावर पडलेला जुना काळा पाइप उचलला, पाणी शिंपडायचा, तोंडाशी फुटका म्हणून टाकून दिलेला. त्याच्यात कधीचं पाणी अडकून राहिलं होतं. ते हातावर आलं आणि मी ओरडली. चटका! दिवसभर उन्हात पडलेला काळा पाइप, त्यात पाणी काय थंड राहणार होतं? हे तर वावरातल्या लहान लेकरालाही माहीत असते. उन्हाळ्यात त्या पाण्याला शिव्या देतात लोक. मी तिथेच मातीत बसली आणि वेड्यासारखी हसली. सोबतच्या बाया म्हणाल्या, "हिले ऊन लागलं वाट्टे." थंडीतलं ऊन!

संध्याकाळी मी मामाजींना विचारलं, "मामाजी, पाइपाले आग लागते का?"

"पाइपाले कायले आग लागन?"

"मंग मले जुने पाइप द्या."

 ते नाही म्हणायला काहीतरी शोधत होते, पण सापडलं नाही. "घे," म्हणाले. "पन नव्याले हात लावायचा नाही."

कोठ्यामागे, दक्षिणेकडे तोंड असलेली एक जागा होती, जिथे आधी उकिरडा होता. मी आणि नवऱ्याने ती साफ केली. तुरीच्या तुराट्या आणून त्यांचा कूड उभा केला, बाहेरून-आतून माती आणि शेणाने लिंपला. तुराट्या बांधता बांधता माझी बोटं फाटली. वर कोठ्याचे जुने टिन. टिनावर काळे पाइप शेजारी शेजारी मांडले, एका तोंडाला लाकडाची गुडदी ठोकली, दुसऱ्याला नवऱ्याने तोटी बसवली. सकाळी भरायचे, दुपारी सोडायचे. खाली नदीतले चपटे दगड असे बसवले की पाणी उताराने बाहेर जाईल, आणि मागच्या भागात मुरूम आणि वाळलं गवत, उभं राहायला कोरडं. दाराला पडदा पाहिजे होता. कोणत्यातरी निवडणुकीचा फ्लेक्स चौकात फाटून पडला होता, तो नवरा घेऊन आला. त्याच्यावर नमस्कार करणारे दोन हातच तेवढे शिल्लक होते. कोणाचे ते आम्ही बघितलं नाही. वारा अडत होता, तेवढं पुरे.

पहिल्या दिवशी मी तोटी सोडली आणि कोमट पाणी आधी माझ्या हातावर घेतलं, मग पोट्टीच्या पायावर. तिने सवयीने कातडं थरथरवलं, मान खाली घातली. मग मी पाणी वर चढवत गेली, मांडीवर, पोटावर, पाठीवर. आणि तिचं थरथरणं थांबलं. मान हळूहळू वर आली. तिने माझ्या खांद्यावर नाक ठेवलं आणि असा मोठा श्वास सोडला की माझं सगळं पोलकं ओलं झालं. मी गवताच्या बोळ्याने तिला घासून काढलं, घोंगडी टाकली, पडदा सोडला. थोड्या वेळाने घोंगडीवर दवासारखे थेंब उभे राहिले आणि खाली हात घातला तर आंग कोरडं, गरम. मी बापाला हाक मारली. मेलेल्या माणसाला काय ऐकू येते, पण मारली.

दुपारी धुवायचं, चार वाजेलोक वाळवायचं, मग सांजच्या वरातीला पाठवायचं. वरातीहून आली की पाणी नाही, नुसतं कोरड्या गवताने घासायचं, घोंगडी टाकून आत उभं करायचं. फेस दुसऱ्या दुपारी. असा नेम लावला. खोकला आधी ओला होता, मग कोरडा झाला, मग कधीकधी. संक्रांतीच्या दिवशी मामाजी तिळगूळ घेऊन कोठ्यामागे आले. तिळगूळ आधी मला दिला, मग घोडीला. आणि तिच्या छातीला कान लावून किती तरी वेळ उभे राहिले.

"हं," म्हणाले. एवढंच. पण दलालाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला वाटलं, सुटलो. पण पाइपांतलं पाणी मला कमी पडायला लागलं होतं. घोडी धुवून झाल्यावर उरलेलं पाणी संध्याकाळी भांड्यांसाठी सोडायला जावं, तर पाइप रिकामे. मी नवऱ्यावर संशय घेतला, त्याच्याशी भांडलीही.  मग एके दिवशी घोडी धुवून मी वावरात गेली ती लवकर परत आली. पडदा सोडलेला, आतून पाण्याचा आवाज. मी पडद्याला हात घातला तर आतून आत्याबाईंचा आवाज आला, "थांब वं! येऊ नको."

मी थांबली. लुगडं ओढून घेतल्याची सळसळ, मग त्या बाहेर आल्या. ओले केस, चेहरा लालबुंद. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घोडीले पुरलं ना पानी? उरलेलंच घेतो मी. पहिले तिले, मंग मले."

या त्या आत्याबाई, ज्या घोडी नवी आली तेव्हा तिला अवदसा म्हणायच्या आणि दोन हात लांबून जायच्या. मी विचारलं, "काहून आत्याबाई?"

त्यांनी बाही वर केली. हात कोपरापर्यंत पुरळाने भरलेला, खाजवून खाजवून सोललेला. घरात साठवलेल्या कापसाने आंगाला खाज सुटते हे सगळ्यांना माहीत, आम्हाला सगळ्यांनाच थोडीफार होती. पण त्यांची खाट ढिगाला चिकटून. कापूस त्यांच्या आंगावर यायचा, उशाशी यायचा. "थंड्या पान्यानं आग होते," त्या म्हणाल्या. "गरम पान्यानं जराक झोप लागते मले. मामाजीले सांगशीन नको. त्याइले म्हटलं होतं मी एकडाव. म्हणे, भाव येऊ दे."

मला इतका राग आला की काय सांगू. पण शब्द दिला. त्या दिवसापासून मी आणखी दोन पाइप वर चढवले आणि दुपारी, घोडी धुवून झाली की, काहीतरी काम काढून पडद्यासमोर बसून राहायची. आत्याबाई आत जायच्या. घोंगडीखाली वाळत उभी घोडी आणि तिच्या शेजारी दगडावर बसलेली म्हातारी. कधीकधी त्यांचं बोलणं ऐकू यायचं, घोडीशी. काय बोलायच्या ते मी कान देऊन ऐकलं नाही.

मग शेवटचा वेचा निघाला. झाडावर राहिलेला किडका, पिवळट कापूस, पण मामाजींना तोही सोडवेना. घरात तर मुंगीला जागा नव्हती. दोन दिवस ते गावभर जागा शोधत फिरले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी भरून सरळ कोठ्यामागे घेऊन आले. मी समोर बसून तूर निवडत होती.

"उठ," म्हणाले. "पडदा काढ. इथं टाकतो."

मी सूप बाजूला ठेवलं. "इथं घोडी राह्यते, मामाजी."

"घोडी बरी झाली ना आता? दोन मैने झाडाखाली राहीन. बेस कोरडी जागा केली तुनं. गावात अशी जागा नाही."

म्हणजे मी जागा चांगली केली हाच माझा गुन्हा! फेब्रुवारीतल्या वराती समोर होत्या. झाडाखाली उभी केली की पुन्हा थंडी, पुन्हा खोकला, आणि या वेळी डॉक्टरने सांगितलेलं ते फुप्फुस. मला ते सगळं एका क्षणात दिसलं. आणि आत आत्याबाई होत्या.

मी उठून दारात उभी राहिली. "नाही," म्हटलं.

"सरक."

"नाही सरकत."

नवरा गाडीच्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बैलांकडे बघितलं. मामाजी म्हणाले, "अवं, कोनाच्या जागेत उभी हाय तू? जागा माही, टिन माहे, पाइप माहे."

"घोडी माही हाय," मी ओरडली. "आत जाऊ नका मामाजी, तुमच्या पाया पडते, आता आत जाऊ नका."

पाया पडते म्हटल्यावर माणसाला अजूनच जोर येतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून पडदा ओढला. फ्लेक्स वरच्या दोरीसकट खाली आला.

आत्याबाई दाराकडे पाठ करून दगडावर बसल्या होत्या. डोक्यावरून पाणी घेत होत्या, तो गडवा तसाच वर राहिला. शेजारी घोंगडी पांघरून घोडी. आणि आत्याबाईंची पाठ. मीही ती त्या दिवशीच पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत नखांचे ओरखडे, जुन्यावर नवे, काही ठिकाणी रक्त सुकलेलं, काही ठिकाणी ओलं. माझ्या पोट्टीच्या पाठीवर खोगिराखाली जशी जागा गेली होती तशी ती सगळी पाठ गेली होती.

 आत्याबाई वळल्या नाहीत. त्यांनी गडवा खाली ठेवला आणि तशाच, भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "खोली घेतली, खाट घेतली, चूल घेतली. आता हे बी घ्या. मी आन् घोडी झाडाखाली जातो. कापसाले थंडी वाजत असन."

मामाजींनी पडलेला फ्लेक्स उचलला. दोरी पुन्हा अडकवायला गेले, पण ती तुटली होती. शेवटी दोन्ही हातांनी फ्लेक्स वर धरून ते दारात आतल्या बाजूला पाठ करून उभे राहिले, तोंड आमच्याकडे, डोळे जमिनीवर. आत आत्याबाई लुगडं नेसत होत्या. त्या नेसून होईपर्यंत ते तसेच उभे होते. इतके दिवस दोघांच्या खाटांमध्ये कापूस होता. त्यांना बायकोची पाठ दिसली नव्हती.

गाडीतला कापूस आंगणातच ताडपत्रीवर पडला. दुसऱ्या दिवशी मामाजींनी स्वतःच व्यापाऱ्याला फोन लावला. काय भावाने गेला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माणसं दिवसभर कापूस भरत होती, आणि खोल्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. समोरचं दार उघडायला दोन माणसांनी जोर लावला. ते उघडलं तेव्हा उजेड आत आला आणि भिंतींवर कापूस किती उंच होता त्याच्या रेषा दिसल्या. आंगणातली चूल पेटली. मी पऱ्हाट्यांवर पितळेचा मोठा गंज ठेवून पाणी तापवलं आणि घरातल्या न्हानीत नेऊन ठेवलं. आत्याबाईंच्या पाठीला दवाखान्यातून मलम आणलं, तेही मामाजींनीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घोडी धुवून पडदा सोडला आणि बघते तर आत्याबाई गडवा घेऊन येत होत्या.

"आत्याबाई, घरच्या न्हानीत पानी तापलं ना," मी म्हटलं.

"हाव, तापलं."

"मंग?"

त्यांनी पडद्याचं टोक हातात धरलं. "घरात न्हायले बसली का कोनी ना कोनी आवाज देतेच. चहा मांड, अमकं कुठी हाय, तमकं कुठी ठेवलं. चाळीस वर्सं झाली, एक गडवा शांतीनं आंगावर घेतला नाही." मग जराशा हसल्या. "घोडी आवाज नाही देत."

त्या आत गेल्या. मी बाहेर बसून राहिली. थोड्या वेळाने घरातून मामाजींची हाक आली, एकदा, मग पुन्हा, "अवं, कुठी हाय वं तुही आत्याबाई?"

मी म्हटलं, "घरी नाही."